स्टुलाचा नंबर पहिला

"मला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती!" इरावती एवढ्या जोरात म्हणाली, की मनवाच्या वाटीतली आमटी हिंदकळली.

आता, चित्रकलेची ही परीक्षा इरावतीने शाळकरी वयात, दोन वेण्या घालून दिलेली. सासरी या ग्रेडचा शोध आज पहिल्यांदाच लागत होता. मग सुभद्राबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणाल्या, "बरा. मगे भात वाढू?"

झालं होतं असं, की तीन वर्षांची मनवा येत्या जूनमध्ये नर्सरीत जायची होती आणि दिवाळीपासून परळच्या त्या घरात दुसरा विषय निघालेला नव्हता. इरावतीने शाळांचा अभ्यास असा केला होता, की तेवढ्यात एखादीची पीएच.डी. झाली असती. कुठल्या शाळेचं पटांगण केवढं, कुठल्या शाळेत बाथरूमची कडी आतून लागते आणि मूल अडकू शकतं, कुठल्या बाई मुलांवर ओरडतात आणि कुठल्या नुसत्या बघतात (बघणाऱ्या जास्त वाईट!), सगळं तिला तोंडपाठ. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इरावती टायपिंग' असं दिसलं की अर्ध्या परळच्या आया गॅस बारीक करून मोबाइल हातात घ्यायच्या.

आणि आज जेवताना सुशांत, तिचा नवरा, म्हणाला होता, "इरा, एक विचारू? दिवाळीपासून आपण शाळा सोडून दुसऱ्या कुठल्या विषयावर बोललोय का?"

"बोललोय की. स्कूल बसवर."

"एक सकाळ! फक्त एक सकाळ शाळेचं नाव न घेता राहून दाखव. नाही जमणार तुला. पैज!"

"नाही जमणार? मला नाही जमणार?" इरावतीने चमचा खाली ठेवला. "उद्या सकाळी मी झाडवाल्या गल्लीत बसून चित्र काढणार. हिवाळ्यातला रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये धुकं, वरून ऊन. पूर्ण करून आणणार. आणि तोवर तोंडातून शाळेचा 'शा'सुद्धा काढणार नाही! मला इंटरमिजिएटला..."

ते पुढचं वर आलंच आहे.

"पण गो, हिवाळो खंय आसा मुंबयत?" सासूबाईंनी रास्त शंका काढली.

"आहे, आई! चार दिवस आहे. बघा ना, चाळीत सगळे माकडटोप्या घालून फिरतायत."

ते खरंच होतं. ज्या हवेत बाकीच्या महाराष्ट्रात लोक पंखा लावतात, त्या हवेत परळमध्ये स्वेटर निघतात. वर्षातून चारदा घालायला मिळतो, म्हणून दुपारीसुद्धा कोणी काढत नाही.

पैज सुशांतने हसत मारली होती, पण इरावतीने ती हसण्यावारी घेतली नाही. मनवा झाल्यापासून तिने ब्रश हातात धरला नव्हता. या हातांना ताप बघण्यापलीकडे अजून काही येतं का, हे तिला स्वतःलाच एकदा बघायचं होतं.

रविवारी सकाळी ती निघाली, तेव्हा चित्राच्या सामानाची पिशवी एक होती आणि आईपणाच्या तीन. पहिलीत बोर्डावर ताणून चिकटवलेला कागद, ब्रश आणि माळ्यावरून काढलेली रंगपेटी. उरलेल्या तिन्हींत मनवाचा जादा स्वेटर, जादा चड्ड्या, थर्मामीटर, खाऊ, चहाचा फ्लास्क आणि सगळी महत्त्वाची कागदपत्रं असलेला फोल्डर. फोल्डर का, असं विचारू नका. आई झालेली बाई फोल्डर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. शिवाय बसायला घरातलं लाकडी स्टूल आणि बोट धरून मनवा. मनवाला घरी ठेवता आलं असतं, पण सुशांत तिला भरवताना मोबाइल बघतो. मनवा टोपी, मफलर आणि मोज्यांत इतकी गुंडाळलेली होती, की नाक होतं म्हणून पुढची बाजू कुठली ते कळत होतं.

झाडवाली गल्ली छोटीशी. एक टोक मोठ्या रस्त्याला लागतं, दुसरं बंद. दोन्ही बाजूंची जुनी रेन ट्री वर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. मध्ये मध्ये बदामाची झाडं, थंडीत पानं लालभडक झालेली. बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे, गाड्यांच्या कव्हरांवर लाल पानांचा सडा आणि सगळ्यावर पातळ धुकं. त्यात धुकं किती आणि समोरच्या बांधकामाची धूळ किती, हे विचारायचं नसतं.

आणि ही सगळी गल्ली एका नजरेत बघायची, तर गल्लीच्या बंद टोकाला पाठ टेकून बसावं लागतं. त्या टोकाला एक लोखंडी गेट आहे. ते गेट एका शाळेचं मागचं गेट आहे.

आता तुमच्या लक्षात यायला लागलं असेल. इरावतीच्या नाही आलं! कारण त्या शाळेचे फॉर्म नोव्हेंबरात ऑनलाइन निघाले होते, तिने पहिल्याच दिवशी भरला होता, लॉटरी अजून निघायची होती. तिच्यापुरता विषय मिटला होता. शिवाय ते गेट कधी उघडत नाही. वॉचमन रामजी त्यातल्या छोट्या दारातून दूध घेतो, तेवढंच. म्हणजे शाळेचं नाव घेणं दूरच, ती शाळेकडे चक्क पाठ करून बसत होती!

तिने वरची फांदी सुकलेली नाही ना ते बघितलं. समोरचा कुत्रा खरंच झोपलाय की सोंग करतोय ते बघितलं. मग मनवाला पायाशी बसवून पहिला रंग कागदावर सोडला. निळसर करडा. तो पसरत गेला तसे तिचे खांदे खाली आले.

"इरा?"

समोर अक्षदा. खालच्या मजल्यावरची. पाव आणायला निघालेली. तिचा पिंटूही यंदा नर्सरीचाच उमेदवार.

"गुड मॉर्निंग गं! चित्र काढतेय."

अक्षदाने गेटकडे बघितलं. स्टुलाकडे बघितलं. फ्लास्क, फोल्डर, पावडर लावलेली मनवा.

"चित्र," ती म्हणाली.

"हो. हिवाळ्यातला रस्ता."

"या गेटसमोर."

"गेट मागे आहे. मी पुढे बघतेय."

"हं." उशिरा घरी आलेला नवरा 'मीटिंग होती' म्हणतो, तेव्हा बायका म्हणतात तसं 'हं'.

"अगं, आज रविवार आहे! आज बंद असते!"

"काय बंद असते?"

इरावतीने जीभ चावली. "ते... ती... मागची."

"बघ! नावसुद्धा घेत नाहीयेस!"

"नाव घ्यायचं नाही असं ठरलंय!"

"कोणाशी ठरलंय? आतल्या लोकांशी?"

"नाही गं! आणि रविवारी कोण काय देणार आहे?"

"तेच तर!" अक्षदाचे डोळे चमकले. "रविवारी कोणाच्या लक्षात येणार!" आणि तिने तिथल्या तिथे फोन लावला. "हितेंद्र, ऊठ! अंघोळ राहू दे! पिंटूला उचल आणि झाडवाल्या गल्लीत ये. कशाला म्हणजे? मला काय माहीत कशाला! इरावती बसलीय!"

फोन ठेवून ती इरावतीच्या शेजारी अदबीने उभी राहिली. "तू काढ हां चित्र. मी काही विचारत नाही."

हितेंद्र आला तो लुंगीवर जॅकेट घालून, काखेत झोपलेला पिंटू घेऊन. त्याला बघून कोपऱ्यावरच्या इमारतीतलं एक जोडपं थांबलं. "काय मिळतंय?" "माहीत नाही, पण लागून राहा." मग एक आजी नातवाला घेऊन. मग दुसरं जोडपं, पहिल्यावर नजर ठेवून असलेलं. मोबाइल किणकिणायला लागले. मुंबईकराला एका मागे एक चार माणसं दिसली, की पाचवा होण्याची त्याला आतून ओढ लागते. आपल्याला काय हवंय, ते तो पुढे गेल्यावर ठरवतो.

"ए! ही काय लाइन आहे? ही तर जिलबी झाली!"

हे नाना. गिरणीतून रिटायर झालेले, रोज सकाळी फिरायला जाणारे, आणि लालबागच्या एका मंडळात दर्शनाची लाइन लावण्यात उभी हयात घालवलेले. गणपतीला अजून कितीतरी महिने होते, हात शिवशिवत होते.

"कसली लाइन आहे नाना?" कोणीतरी विचारलं.

"ते तुम्ही बघा! माझं काम सरळ करायचं. चला, झाडांना लागून! पोरं आतल्या बाजूला! ओ लुंगी, तुम्ही एक पाऊल मागे!"

बघता बघता नानांनी लाइन अशी आखली, की फूटपट्टी लाजली असती. गेटपासून निघून, डाव्या बाजूच्या झाडांखालून, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. आणि लाइन गेटकडे तोंड करून असल्यामुळे ती सगळी माणसं इरावतीकडे टक लावून बघत होती. नवसाला पावणाऱ्या देवीकडे बघावं तशी.

"नाना, प्लीज, त्यांना उजवीकडे घ्या ना! डावीकडे मी उजेडासाठी कागद कोरा ठेवलाय!"

"ताई, मोकळी जागा होती म्हणूनच तिथे लावली."

मुंबईत जागा मोकळी ठेवली की कोणीतरी येऊन उभं राहणारच. कागदावर तरी वेगळं कसं होईल! तिने उसासा टाकला, ब्रश बुडवला आणि माणसं रंगवायला घेतली. एक मरून ठिपका, एक निळा, एक माकडटोपीचा.

नानांचा एव्हाना घसा कोरडा पडला होता. त्यांनी बोर्डाजवळचा कप उचलला आणि एक घोट घेतला.

"नाना! ते..."

"अगोड आहे," नाना म्हणाले.

"आजोबा, ते झाडांचं पाणी आहे," मनवाने सांगितलं. खरंच होतं. बुंध्यांचा तपकिरी रंग त्यात तिसऱ्यांदा धुतलेला.

"काढा होय? मग चांगलाच." नानांनी कप संपवला आणि शिट्टी फुंकत मागे गेले. इरावती पुढची पाच मिनिटं त्यांचा रंग बदलतोय का ते बघत राहिली.

तेवढ्यात लाइनीतला तिसरा गृहस्थ मान लांब करून म्हणाला, "मॅडम, माझा स्वेटर मरून आहे. तुम्ही चॉकलेटी केलाय."

"तुम्ही सावलीत आहात."

"म्हणजे मायनस मार्क?"

"कसले मार्क?"

गृहस्थ मागे वळला आणि तो जे कुजबुजला, ते लाइनीतून ठिणगीसारखं गेलं. ही बाई पालक नाहीच! ही आतली आहे! एकेकाला बघून टिपून घेतेय! पालक कसे उभे राहतात, मुलांशी कसे बोलतात, सगळं! इंटरव्ह्यू सुरू झालाय!

सगळी लाइन ताठ झाली. हितेंद्रने लुंगी सारखी केली. ज्यांनी चहाचे कप रस्त्यावर टाकले होते, त्यांनी उचलून खिशात घातले. आणि झाडवाल्या गल्लीत एकाएकी इंग्रजीची पहाट झाली.

"पिंटू, व्हॉट इज धिस? धिस इज ट्री! से ट्री!"

"बेटा, डोंट टच डॉगी. डॉगी स्लीपिंग."

"आजी, हे काय आहे?" "लीफ! लीफ म्हण मेल्या, ती बाई बघतेय!"

पिंटू झोपेतून उठून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "शी लागली."

"ही मीन्स ही इज सीइंग ट्री," अक्षदा घाईघाईने म्हणाली.

गेटमधलं छोटं दार करकरलं. रामजीने दुधासाठी डोकं बाहेर काढलं, समोर पसरलेलं परळ बघितलं, आणि डोकं आत घेऊन आधी कडी आणि मग कुलूप लावलं.

"कुलूप लावलं!" लाइन शहारली. "म्हणजे आत जागा मोजतायत!"

रामजीचा आतून घाबरा आवाज आला. "आज काय नाय! घरी जावा!"

"आधी असंच सांगतात," मरून स्वेटर समजुतीने म्हणाला.

आता जे मनवाच्या बाबतीत घडायचं, ते घडलं. तिने आईची ओढणी ओढली. "आई, शू."

इरावतीने ब्रश ठेवला, मनवाला उचललं आणि धावत गल्लीबाहेर मोठ्या रस्त्यावर फुलं विकणाऱ्या शेवंतीमावशींकडे गेली. त्यांची खोली मागेच होती. मनवाचे तीन थर उतरवायचे, मग परत चढवायचे, त्यात बराच वेळ गेला. परत आली, तर गल्लीच्या तोंडाशी लाइनीचं शेपूट.

"ओ मॅडम, लाइन आहे!"

"अहो, मला पुढे जायचंय. माझं चित्र आहे पुढे!"

"सगळ्यांचंच काहीतरी आहे पुढे!"

बोलणारा एक तरुण होता. वैभव नावाचा. बरोबर मूल नाही, बायको नाही, हातात कटिंग चहा.

"तुमचं मूल कुठंय?" इरावतीने विचारलं.

"माझं लग्न मार्चमध्ये आहे. पण म्हटलं, लाइन दिसलीच आहे तर लावून ठेवावी." तो जवळ सरकला. "उरलेल्या जागा देतायत. पुढे एक बाई होती, तिला आतून खबर होती. एकटीच येऊन बसली होती, कोणाला पत्ता लागू न देता. आणि आता तिला आत घेतलं. डायरेक्ट!"

"आत घेतलं?" इरावतीने त्याची बाही धरली. "कोणाला? कुठली बाई?"

"लहान मुलगी होती म्हणे बरोबर."

कोण असेल ही? हिला कळलं आणि आपल्याला नाही? उरलेल्या जागा? म्हणजे लॉटरी झाली की काय? आपण इथे गेरूचे पट्टे रंगवत बसलो आणि ती बया मुलीला घेऊन आतसुद्धा गेली! इरावतीचा हात पर्समधल्या मोबाइलकडे गेला. सगळा ग्रुप तापलेला. पहिला मेसेज अक्षदाचा: 'इरावती स्वतः बसलीय.'

मग तिचं लक्ष मनवाकडे गेलं. लहान मुलगी. टोपी. पावडर.

"अहो, ती मीच!" ती किंचाळली. "मीच ती बाई! आत कोणी घेतलं नाही, शूला गेलो होतो! आणि या शाळेचे फॉर्म नोव्हेंबरातच संपले!"

"आई," मनवा खालून म्हणाली, "तू शाळा म्हणालीस."

इरावतीने कपाळावर हात मारला. अर्धी पैज तिथेच, शेवंतीमावशींच्या झेंडूसमोर, गेली. आता चित्र तरी वाचवायला हवं होतं.

"नाना! सांगा ना यांना! मी पहिल्या नंबरला होते!"

नाना शिट्टी सावरत आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. आयुष्यभराच्या अनुभवातून निवाडा दिला.

"स्टुलाचा नंबर पहिला आहे. स्टूल उठलेलं नाही. बाई उठल्या. स्टूल पुढे राहील, बाई मागे लागतील."

"पण ते माझं स्टूल आहे!"

"असेल. मी त्याचा नंबर काढून घेतलाय का?"

"निदान माझं चित्र तरी द्या!"

ते मात्र नानांना पटलं. पुढून बोर्ड हातोहात मागे यायला लागला. ओला! इरावती टाचा उंचावून बघत होती आणि तिचा जीव प्रत्येक हातागणिक वरखाली होत होता. "सांभाळून! आडवा धरा! अंगठा! अंगठा काढा!" लाइनीत प्रत्येकजण आधी स्वतःला शोधत होता, मगच पुढे देत होता. "हा मी बघ." "एवढा जाडा नाहीस तू." "आहेस." "झाडं मस्त काढलीत हां, आतली असली तरी."

तिच्या हातात आला तेव्हा आभाळात एक ठसठशीत अंगठा उमटलेला होता. इरावतीने तो बघितला, नखाने दोन बाजूंना जरासा ओढला. कावळा झाला. बरा झाला!

ती बोर्ड छातीशी धरून लाइनीच्या शेपटाला उभी राहिली. ज्या लाइनीची सुरुवात तीच, तिचा शेवटही तीच.

आणि तेवढ्यात वैभव, जो दुसरा कटिंग आणायला कोपऱ्यावर गेला होता, तिथून हात हलवत ओरडला, "पुढचं गेट! मॅडम टॅक्सीतून उतरल्या! पुढच्या गेटवर देतायत!"

रामजीने फोन करून मुख्याध्यापिकांना बोलावलं होतं, एवढंच झालं होतं. पण हे ऐकायला कोण थांबतंय? नानांची फूटपट्टी कडाडकन मोडली. पिंटू, लुंगी, आजी, मरून स्वेटर, सगळी गल्ली इरावतीच्या दोन्ही बाजूंनी धावत बाहेर गेली. पाठोपाठ "धावू नका, लाइनीत धावा!" असं ओरडत नाना. गल्ली रिकामी!

त्या टोकाला गेटसमोर तिचं स्टूल एकटंच उभं. पहिल्या नंबरला.

इरावतीला पक्कं ठाऊक होतं की पुढच्या गेटवर काहीही मिळत नाहीये. ही अफवा तिच्याच त्या लाकडी स्टुलातून उगवली होती. तरी तिचा उजवा पाय उचललाच. समजा मिळत असेल तर? समजा मॅडम आल्याच आहेत आणि... पाय हवेत, बोर्ड काखेत, डोकं पुढच्या गेटवर.

आणि तेव्हा ऊन आलं. रेन ट्रीच्या मधल्या फटीतून तिरकं खाली उतरलं, धुक्यात दिसायला लागलं, आणि एक बदामाचं पान त्यातून सावकाश गिरक्या घेत खाली आलं. लाल. पेटल्यासारखं.

इरावतीने पाय खाली ठेवला. मग ती चालत चालत स्टुलापर्यंत गेली आणि बसली.

"आई, सगळे पळाले," मनवा म्हणाली. "आपण हरलो?"

"नाही गं राणी."

तिने कपात नवीन पाणी घेतलं. पिवळा उघडला. कागदावर डावीकडे, त्या लाइनीच्या मागून, माणसांच्या मधून, जिथे जिथे कोरं उरलं होतं तिथे तिथे ऊन सोडलं. स्वेटरांच्या कडा उजळल्या. माकडटोप्या उजळल्या. नुसती झाडं काढली असती तर रस्ता छान दिसला असता, आता तो परळचा दिसत होता. बराच वेळ तिने मनवाचं कपाळ चाचपलं नाही, कुत्रा कुठे आहे ते बघितलं नाही. मनवा पडलेली लाल पानं एकापुढे एक मांडत बसली होती.

"काय करतेस?"

"लाइन," मनवा म्हणाली.

चित्र पूर्ण झालं. इरावतीने कोपऱ्यात सही केली आणि आपलंच नाव वाचून जराशी लाजली.

तिथून घरी जायची जवळची वाट डावीकडून. ती उजवीकडे वळली. मुद्दाम नाही हो! पायच वळले. नुसतं बघून यावं म्हणून.

पुढच्या गेटवर पायरीवर मुख्याध्यापिका उभ्या होत्या. केसांना रविवारचं तेल, खांद्यावर शाल, आवाज बसलेला. "शेवटचं सांगते, आज इथे काहीही मिळणार नाही!" लोक माना डोलावत होते आणि जागचे हलत नव्हते. "रामजी, बाबा, यांची सगळ्यांची नावं लिहून घे, म्हणजे घरी तरी जातील!"

आनंदाची लाट उसळली. "बघा! म्हटलं नव्हतं?"

अक्षदाने गर्दीतून येऊन इरावतीचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "इरा, पिंटूचं नाव पहिलं लागलं! तुझे उपकार नाही विसरणार! आणि काय गं, चित्र म्हणे!"

"पण हे सुरू केलं कोणी?" मॅडमनी गर्दीवर नजर फिरवली. "स्टूल घेऊन बसलेली कोणी बाई होती म्हणे! कोण ती?"

इरावतीने हातातलं स्टूल सावकाश खाली ठेवलं, त्यावर मनवाला बसवलं आणि वरून ओढणी पसरली. "कमाल आहे बाई लोकांची," ती शेजारच्या आजींना म्हणाली.

रामजी लिहीत लिहीत तिच्यापर्यंत आला. "ताई, नाव?"

"नाही नाही, आमचा फॉर्म भरलेला आहे. ऑनलाइन. पहिल्याच दिवशी."

"बरं. मग नको लिहू?"

रामजीने पेनाला टोपण लावायला घेतलं. इरावतीने एकदा त्या टोपणाकडे बघितलं, एकदा मनवाकडे.

"लिहा," ती म्हणाली. "शेवटी लिहा. असू दे."

घरी पोहे तयार होते. सुशांतने चित्र हातभर लांब धरलं आणि पहिल्यांदा त्याला थट्टा सुचली नाही.

"इरा! अगं, हे तू काढलंस?"

"मग? ए ग्रेड काय उगाच देतात?"

"झाडां बरी इली हत," सासूबाई चष्मा पुसून पुन्हा बघत म्हणाल्या. "कावळो तर जिवंत वाटता."

सुशांतने चित्र टीव्हीच्या बाजूला टेकवून ठेवलं आणि मागे सरून बघितलं. "हरलो बाबा मी. अख्खी सकाळ, शाळेचं नावसुद्धा नाही ना?"

मनवाने तोंड उघडलं. इरावतीने त्यात पोह्यांचा घास घातला.

"मस्तच झालंय," सुशांत पुन्हा वाकला. "पण ही लाइन कसली?"

"बसची."

"त्या गल्लीतून बस कुठे जाते?"

इरावतीने पोह्यांवर शांतपणे लिंबू पिळलं.

"थंडीत सोडतात," ती म्हणाली.